विद्येचे दार आणि वर्गणीची कडी

विद्या दिल्याने वाढते, हे वाक्य आम्ही शाळेच्या फळ्यावर उभ्या आयुष्यात किती वेळा लिहिले असेल ह्याची गणती नाही. ते लिहीत असता त्याच विद्येबद्दल आम्हांस दरमहा वेतन मिळत होते, ही गोष्ट मात्र फळ्यावर कधी लिहिली नाही. आणि विद्यार्थ्यांनीही ती कधी विचारली नाही. ह्या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ घालण्याची वेळ निवृत्तीनंतर आमच्यावर येईल असे वाटले नव्हते. ती आली, आणि ज्या निमित्ताने आली ते निमित्त आज पुष्कळ सुशिक्षित घरांस ह्या ना त्या रूपाने भेटत असल्यामुळे त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

निमित्त असे. आमच्या गावी एक जुने मासिक आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी मासिके महाराष्ट्रात पुष्कळ गावी होती व काही अद्याप आहेत. कागद, छपाई आणि टपाल ह्या तिहींचा खर्च वर्षानुवर्षे चढत गेला, जुने वर्गणीदार एकामागून एक निवर्तले, आणि त्यांच्या मुलानातवांनी अंक हाती घेण्याऐवजी भ्रमणध्वनीवर वाचण्याची सवय लावून घेतली. तेव्हा मासिक संकेतस्थळावर आणावे असे संपादक मंडळाने ठरविले. आम्ही त्या मंडळाचे एक सभासद. येथवर सर्वांचे एकमत होते. पुढे प्रश्न असा निघाला की, संकेतस्थळावरील कोणता मजकूर सर्वांस खुला ठेवावा आणि कोणता वर्गणी भरणाऱ्यांनाच दाखवावा? वृत्तपत्रसृष्टीत ह्या आडकाठीस ‘पेवॉल’, म्हणजे पैशाची भिंत, असे म्हणतात. आमच्या सूनबाई संगणकाच्या व्यवसायात आहेत. मासिकाचे हे सर्व काम त्यांनीच फावल्या वेळात उभे करून दिले. त्या म्हणाल्या, “अण्णा, भिंत बांधणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ती कुठे बांधायची ते मात्र तुम्ही मंडळींनी सांगा. ते यंत्राला कळत नाही.”

ते आम्हांसही कळत नव्हते, हे पहिल्याच सभेत दिसून आले. मंडळातील वकीलसाहेबांचे म्हणणे असे की, फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत राहत नाही, सबब सर्वच मजकूर कडीबंद करावा. डॉक्टरांचे म्हणणे नेमके उलट. विद्येचा बाजार मांडावयाचा असेल तर आपले नाव मंडळातून कमी करावे, असे त्यांनी बजावले. संपादिकाबाई दोघांचेही ऐकून घेत होत्या. शेवटी त्या एवढेच बोलल्या, “विद्या दिल्याने वाढते हे खरं, पण छापखान्याचं बिल न दिल्याने वाढतं.” सभा तेथेच तहकूब झाली, आणि ह्या विषयाचा नीट अभ्यास करून टिपण सादर करण्याचे काम निवृत्त मास्तर म्हणून आमच्या गळ्यात पडले.

अभ्यास करू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, डॉक्टरांचा पक्ष ऐकावयास गोड असला तरी इतिहासास धरून नाही. गुरुगृही विद्यार्थ्यास फी पडत नसे हे खरे. परंतु गुरूच्या घरची चूल कोणी तरी पेटती ठेवीतच असे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वानांना दक्षिणा वाटली जाई, ती सरकारी खजिन्यातून. इंग्रजी अंमल आल्यावर ह्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आणि पुढे १८५१ मध्ये त्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांस पारितोषिके देण्याकडे वळविण्यात आला. म्हणजे शिष्य देत नसे तेव्हा राजा देत असे. नियतकालिके निघाली तेव्हा राजाची जागा वर्गणीदाराने घेतली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले; ते पदरचे पैसे मोडून घेणारे वाचक होते म्हणूनच निघाले. जुन्या मासिकांतून व्ही. पी. परत न करण्याविषयी वर्गणीदारांस केलेल्या कळकळीच्या विनंत्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना विद्या आणि वर्गणी ह्यांचे नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. तिकिटे पाठवून नमुन्याचा अंक मागविण्याची पद्धतही त्याच काळची. थोडे फुकट दाखवावे आणि गोडी लागल्यावर मोल मागावे, ही युक्ती महाजालाने शोधून काढलेली नव्हे.

राजा आणि वाचक ह्यांखेरीज तिसरा एक दाता आहे, तो जाहिरातदार. १८३३ साली न्यूयॉर्क येथे बेंजामिन डे ह्या मुद्रकाने ‘सन’ नावाचे दैनिक एका सेंटास विकावयास काढले. तेथील इतर दैनिके त्या वेळी सहा सेंटांस मिळत. वाचकाकडून नाममात्र घ्यावे आणि जमलेल्या वाचकांची गर्दी जाहिरातदारास दाखवून खर्च भागवावा, हा त्यातील हिशेब. तो जगभर पसरला. आपल्या उंबऱ्यावर सकाळी पडणाऱ्या दैनिकाच्या किमतीत त्याच्या कागदाचाही खर्च निघत नाही. आणि महिनाअखेर त्याच कागदाची रद्दी विकून आपण काही पैसे परत मिळवितो. ह्या सवलतीची आपणांस इतकी सवय झाली आहे की, बातमी ही फुकट उगवणारी वस्तू आहे असे वाटू लागले. महाजाल आले तेव्हा वृत्तपत्रांनी आपला मजकूर तेथेही तसाच मोकळा टाकला. परंतु जाहिरातीचा ओघ तेथे वृत्तपत्रांकडे न वळता शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे वळला. राजा गेला होताच, जाहिरातदारही निघून गेला. तेव्हा सर्वांना पुनः वाचकाची आठवण झाली.

आता कोणी कोणती कडी लावली ते पाहणे बोधप्रद आहे. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ हे व्यापारी पत्र १९९७ पासूनच आपल्या संकेतस्थळासाठी वर्गणी घेत आले. त्यास ती मिळालीही. कारण तेथील वार्ता वाचून वाचकाचा स्वतःचा धंदा चालतो, आणि ज्या वाचनातून चार पैसे मिळतात त्यासाठी एक पैसा द्यावयास कोणी कुरकुरत नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ने २०१० च्या जुलैत सर्वच मजकूर भिंतीआड नेला. दिवसास एक पौंड अथवा आठवड्यास दोन पौंड दिल्यावाचून आत प्रवेश नाही. येणाऱ्याजाणाऱ्या वाचकांची वर्दळ एकदम ओसरली. जे राहिले ते पैसे देणारे राहिले हे खरे. पण ज्या पत्राच्या अग्रलेखाची एके काळी जगात चर्चा होई, त्यातील लेख कोणी कोणास दाखवू म्हटले तरी दाखविता येईना.

सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे. ह्या पत्राने २००५ च्या सप्टेंबरात असे ठरविले की, बातम्या सर्वांस खुल्या ठेवाव्यात आणि आपल्या नामांकित स्तंभलेखकांचे लेख वर्षास सुमारे ५० डॉलर देणाऱ्यांसच दाखवावेत. वरवर पाहता हा विचार बरोबरच वाटतो. बातमी सर्वत्र मिळते, हे लेखक मात्र आपल्याकडेच आहेत. तेव्हा जे अलौकिक त्याचे मोल घ्यावे. सुमारे २ लाख २७ हजार लोकांनी ते दिलेही. तरी दोनच वर्षांत, २००७ च्या सप्टेंबरात, ही योजना बंद करण्यात आली. शोधयंत्रांच्या वाटेने येणारे असंख्य वाचक दारावरून परत जात होते; त्यांच्या येण्याने जे जाहिरातीचे उत्पन्न झाले असते ते वर्गणीपेक्षा मोठे ठरेल असा हिशेब निघाला. आम्हांस ह्यात आणखी एक गोष्ट दिसते. मत ही तिजोरीत ठेवण्याची वस्तू नव्हे. लोकांनी वाचावे, वाद घालावा, खोडून काढावे, ह्यातच तिचे मोल. ज्यास लोकमत घडवावयाचे आहे त्याने सभागृहाच्या दाराशी तिकीट लावले, तर आत सज्जन बसतील. पण ज्याचे मत बदलावयाचे तो बाहेरच राहील.

ह्याच पत्राने २०११ च्या मार्चमध्ये दुसरी तऱ्हा काढली. महिन्यास २० लेख कोणीही वाचावेत. एकविसाव्यास वर्गणी पडेल. पुढच्याच वर्षी २० चे १० झाले. ह्या तऱ्हेत मजकुराची निवड करावीच लागत नाही. निवड वाचकाची होते. कधीमधी येणारा पाहुणा फुकट जेवतो आणि रोज पंक्तीस बसणाऱ्याकडून खर्च घेतला जातो. आमच्या सूनबाईंनी हे समजावून सांगितले तेव्हा आम्हांस जुन्या काळच्या वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची आठवण झाली. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कोणा एकावर भार नाही आणि विद्यार्थ्याचे पोट भरते. आज दहा लेख ह्या पत्राचे आणि पाच त्या पत्राचे असे वार लावून वाचणारे वाचक आहेत. फरक इतकाच की, त्या विद्यार्थ्यांपाशी खरोखरच पैसे नसत.

ह्याउलट लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने दारास कडी लावलीच नाही. लेख संपला की खाली नम्र विनंती असते की, हे वाचून उपयोग झाला असेल तर यथाशक्ति साहाय्य करावे. आपल्या कीर्तनाचीच ही रीत. देवळाचे दार सर्वांस उघडे, आख्यान सर्वांनी ऐकावे, शेवटी आरतीचे तबक फिरते. कोणी नोट टाकतो, कोणी नाणे टाकतो, कोणी नुसतीच आरती घेतो. तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांनी साहाय्य केल्याचे ह्या पत्राने २०१८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. परंतु तबकात नाणी पडावयास बुवांची कीर्ती आणि श्रोत्यांची गर्दी दोन्ही लागतात. लहान गावच्या मासिकाने केवळ तबकावर विसंबावे किंवा कसे, ह्याविषयी आमचे मन साशंक राहिले.

आणखी एका गोष्टीची नोंद करणे जरूर आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी नावाचे चक्रीवादळ आले तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ ह्या दोन्ही पत्रांनी आपल्या भिंती तात्पुरत्या उघडल्या. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ पसरली तेव्हाही अनेक देशांतील पत्रांनी साथीविषयीचा मजकूर सर्वांस मोकळा केला. हे कोणत्या कायद्याने करावे लागले नाही. पाणी दारापर्यंत आले असता वाट दाखविण्याचे मोल मागू नये, हे व्यापाऱ्यासही कळते. शिवाय अशा वेळी खरी माहिती कडीआड राहिली तर तिची जागा रिकामी राहत नाही. खोट्यास कधी कडी नसते. ते घरोघर आपल्या पायांनी चालत जाते आणि संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या समूहात काकांनी पाठविलेले म्हणून सर्वांनी वाचलेले असते.

ह्या सर्वांचा विचार करून आम्ही टिपणात तीन प्रश्न लिहिले. प्रत्येक लेखास हे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा न वाचल्याने कोणाचे अहित होईल काय? होत असेल तर दार उघडे. दुसरा, हेच इतरत्र सहज फुकट मिळते काय? मिळत असेल तर कडी लावणे व्यर्थ. तिसरा, हे सिद्ध करावयास दर वेळी नवे श्रम आणि नवा खर्च पडतो काय? पडत असेल तर मोल मागण्यात लाज नाही. टिपण मंडळास पसंत पडले. मास्तरांनी प्रश्नपत्रिका चांगली काढली, असे वकीलसाहेब म्हणाले. उत्तरे लिहावयास बसल्यावर मात्र मास्तरच दोनदा नापास झाले.

पहिला प्रसंग असा. कोणते पान किती लोक उघडतात ह्याची नोंद यंत्र ठेवीत असते. ती सूनबाईंनी सभेपुढे ठेवली. इतिहाससंशोधनाचे जे लेख लिहावयास लेखकांस दप्तरखान्यांचे उंबरे झिजवावे लागतात, ज्यांवर मासिकाचा सर्वांत अधिक खर्च होतो, ते वाचणारे सर्वांत थोडे. दिवाळीच्या आधी फराळाच्या कृती आणि वर्षभर शब्दकोडी, ह्यांस वाचक पुष्कळ. आणि सर्वांत अधिक वाचक, विशेषतः परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत, कशास? तर आम्ही स्वतः लिहिलेल्या संस्कृत व्याकरणाच्या पाठमालेस. शालांत परीक्षेस बसणारी मुले ती वाचीत होती. वकीलसाहेब लगेच म्हणाले, “मास्तर, उत्तर मिळालं! जे सर्वांना लागतं तेच विकलं जातं. पाठमालेला कडी लावा, बिल फिटेल.”

हिशेबाने त्यांचे म्हणणे बिनतोड होते. आम्ही विरोध केला. तो विरोध किती निर्मळ होता हे आजही सांगवत नाही. कारण आपले लिहिणे पुष्कळांनी वाचावे ही हाव म्हातारपणी कमी होत नाही, आणि औदार्याचे नाव घेऊन ती सहज वावरते. सुदैवाने त्याच सुमारास एका दुर्गम तालुक्यातील शिक्षकांचे पत्र आले. त्यांच्या शाळेत संस्कृत शिकविण्यास स्वतंत्र शिक्षक नाही. ते स्वतः गणित शिकवितात. आठवड्यातून दोन दिवस आपल्या भ्रमणध्वनीवर आमचा पाठ उघडून फळ्यावर उतरवितात, आणि मुले तो वहीत लिहून घेतात. एका पाठातील समासाच्या विग्रहात चूक राहिली होती, ती त्यांनी दाखवून दिली होती. चूक आमची होती, आणि ती गणिताच्या शिक्षकांनी काढली होती. ते पत्र सभेत वाचून दाखविल्यावर कडीचा विषय पुनः निघाला नाही.

परंतु तेवढ्याने बिल फिटत नव्हते. तेव्हा आम्ही पाठमालेकडे पुनः पाहिले आणि तिच्यात दोन वस्तू आहेत असे दिसून आले. पाठ एकदा लिहिला की एकाने वाचला काय आणि हजारांनी वाचला काय, आमचे काही कमी होत नाही. एका ज्योतीने दुसरी लावावी तसे ते आहे. परंतु पाठाखालचे भाषांतराचे उतारे मुले सोडवून पाठवीत, आणि ते आम्ही एकेक तपासून परत करीत असू. ह्यास मात्र दर मुलामागे अर्धा घटका, कधी एक घटका जाई. ज्योत लावल्याने उणी होत नाही, तेल जळतेच. म्हणून ठरविले की पाठ सर्वांस खुले, तपासणीस माफक शुल्क. आणि शिक्षकाने लिहून दिले की अमुक मुलास झेपत नाही, तर तेही माफ. ज्योत फुकट द्यावी आणि तेलाचे मोल घ्यावे, हे सूत्र आम्हांस अशा रीतीने हाती लागले. पुढे सर्वच मजकुरास आम्ही तेच लावले.

दुसऱ्या प्रसंगी आम्ही जे नापास झालो ते अधिक लागले. मासिकाच्या जुन्या अंकांचा संग्रह छायांकित करून संकेतस्थळावर ठेवला होता. त्यास पैसा खर्च झाला होता, आणि असा संग्रह इतरत्र मिळणारा नव्हता. आमच्या तिन्ही प्रश्नांप्रमाणे तो कडीआड जाण्यास सर्वथैव पात्र होता, आणि तशी सूचना आम्हीच मांडली. शीर्षक व पहिल्या दोन ओळी सर्वांस दिसाव्यात, पुढे वर्गणी. तीन महिन्यांनी कॅनडात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या आजोबांनी फार पूर्वी ह्या मासिकात आपल्या गावच्या विहिरींविषयी एक लेख लिहिला होता. घरात त्याची प्रत उरली नव्हती. आजोबांचे नाव महाजालावर शोधता शोधता त्या आमच्या दाराशी आल्या, दोन ओळी वाचल्या, आणि पुढे पैसे भरण्याची सूचना दिसली. त्यांनी वर्षाची वर्गणी भरली, लेख वाचला, आणि मग आम्हांस लिहिले: “पैशांची तक्रार नाही. आजोबांनी हा लेख तुम्हांला विनामूल्य दिला होता, असे आजी सांगत असे. तो मला विकत घ्यावा लागला, एवढेच कळवावेसे वाटले.”

कायद्याने आम्ही चुकलो होतो की नाही, हा निराळा प्रश्न. आपल्या देशात लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, ती रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांचा हक्क संपत आल्याच्या सुमारास, १९९२ च्या दुरुस्तीने वाढविण्यात आली. मुदत संपली की लेखन सर्वांचे होते, आणि त्याची प्रत काढून विकण्यास कोणास बंदी नाही. परंतु मुदत संपलेली असो वा नसो, त्या जुन्या लेखकांपैकी बहुतेकांनी मानधनाची अपेक्षा न ठेवता लिहिले होते. त्यांनी आपली विद्या मासिकास दिली ती मासिकाने पुढे वाटावी म्हणून. दान घेऊन त्याचे दुकान मांडावे असे त्यांच्यापैकी कोणी सांगितले नव्हते. आमच्या प्रश्नपत्रिकेत चौथा प्रश्न राहून गेला होता, आणि खरे पाहता तोच पहिला असावयास हवा होता: हे मुळात आपले आहे काय?

आम्ही त्या भगिनींची क्षमा मागितली आणि पैसे परत केले. त्यांनी ते घेतले हे बरे झाले. न घेत्या तर आम्हांस अधिक लाज वाटली असती. जुन्या अंकांचे दार त्या आठवड्यात उघडले. आता तेथे लेखाच्या शेवटी तबक ठेवले आहे: हा संग्रह टिकविण्यास खर्च येतो, इच्छा असेल त्याने हातभार लावावा. लावतात काही जण. आणि बहुधा ते, ज्यांना तेथे आपल्या घरचे कोणी सापडले आहे.

“मग विकायचं काय?” असे वकीलसाहेबांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. उत्तर येणेप्रमाणे ठरले. गावचे पाणी, आरोग्य, शाळा, निवडणूक ह्यांविषयीचा मजकूर, श्रद्धांजलीपर लेख, अग्रलेख, वाचकांचा पत्रव्यवहार, पाठमाला आणि जुना संग्रह खुला. चालू महिन्याच्या कथा, नवी शब्दकोडी, मोजमापासह घरी करून पाहिलेल्या कृतींचा क्रमवार संग्रह आणि उताऱ्यांची तपासणी ह्यांस वर्गणी. इतिहाससंशोधनाचे लेख तीन महिने वर्गणीदारांस आधी, नंतर सर्वांस खुले. फराळ आणि कोडी ह्यांच्या जिवावर इतिहास चालवावा हे प्रथम आम्हांस कमीपणाचे वाटले. परंतु ‘न्यूयॉर्क टाइम्स’ही शब्दकोडी आणि पाककृती ह्यांची निराळी वर्गणी घेते, आणि २०२३ च्या अखेरीस त्याचे एकंदर वर्गणीदार एक कोटीवर गेले त्यांत ह्या दोहोंचा वाटा आहे, हे कळल्यावर संकोच गेला. गरजेच्या दारास कडी लावू नये; हौसेच्या दारास लावण्यास हरकत नाही. हौस मोल देते आणि तक्रारही करीत नाही.

एका घरची एक वर्गणी किती जणांनी वापरावी, ह्यावर मात्र फार खल झाला. पूर्वी एक अंक घरात येई आणि आजोबांपासून नातीपर्यंत सर्व वाचीत. आता ते एकत्र कुटुंब पुणे, बंगळूर आणि सॅन होजे येथे विभागले आहे. चूल निराळी झाली, पण कुलदैवत एकच आहे. शेवटी संपादिकाबाईंनी निकाल दिला की, एका वर्गणीवर घरातील सर्वांनी वाचावे. घर कोणास म्हणावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पहिल्या वर्षी ह्या व्यवस्थेने छापखान्याचे बिल पुरते फिटले नाही. उरलेली रक्कम मंडळाच्या सभासदांनी वाटून घेतली, आणि सर्वांत मोठा वाटा डॉक्टरांनी उचलला. दुसऱ्या वर्षी तूट निम्म्यावर आली. तिसऱ्या वर्षी काय होईल ते आताच सांगता येत नाही. आमची व्यवस्था उत्तम आहे असा आमचा दावा नाही. ती आम्हांस दोन चुका करून सुचली आहे, आणि तिसरी चूक कोठे तरी दबा धरून असेलच.

सुज्ञ वाचकांस एकच विनंती. आपणही ह्या व्यवहारातील एक पक्ष आहोत. कोठे कडी दिसली की ती चुकविण्याची युक्ती घरातील चिरंजीव मोठ्या हुशारीने सांगतात, आणि आपणही त्यांचे कौतुक करतो. वार लावून वाचणे ज्यास भाग आहे त्याने खुशाल वाचावे. त्याच्यासाठीच दारे उघडी ठेवावयाची आहेत. परंतु ज्याच्या घरी दोन वेळची पंक्ती उठते त्याने महिन्याचा हिशेब लिहिताना दूध, वीज आणि भ्रमणध्वनी ह्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी: आपण रोज जे वाचतो त्याचे तेल कोण घालतो? त्या ओळीपुढे आकडा थोडका असला तरी चालेल. ती ओळच नसेल, तर उद्या आपल्या नातवास उघडी दारे पुष्कळ सापडतील, पण आत दिवा लागलेला नसेल.